गाय गाभडली आणि घरात ताप आला: या दोन्हींचा संबंध असतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: “आमच्याकडे चार संकरित गाई आहेत. अडीच महिन्यांपूर्वी त्यातली एक सातव्या महिन्यात गाभडली, म्हणजे तिचा गर्भ पडला. वार (गर्भाभोवतीचं आवरण) पडेना म्हणून आमच्या यांनी ती हातानंच ओढून काढली. तीनेक आठवड्यांनी यांना ताप सुरू झाला. सकाळी बरे असतात, संध्याकाळी अंग तापतं, रात्री घामानं अंथरूण भिजतं, कंबर धरली आहे. टायफॉइड म्हणून दोन वेळा औषधं झाली. थोडं बरं वाटतं, परत ताप येतो. मला शंका आली, पण सासरे म्हणतात, जनावराचं दुखणं माणसाला लागत नाही, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या गोठ्यात वाढलो. माणसाच्या आणि जनावराच्या आरोग्यात खरंच काही सारखं असतं का?”

ताई, सविस्तर नंतर सांगतो, आधी कामाचं. उद्याच यांना तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी चांगल्या फिजिशियनकडे न्या. तुम्ही इथे जे लिहिलंत तेच, त्याच क्रमानं त्यांना सांगा: गाय सातव्या महिन्यात गाभडली, वार उघड्या हातानं काढली, तीन आठवड्यांनी ताप आला. आणि विचारा, ब्रुसेलोसिसची (गाभडलेल्या जनावराकडून माणसाला लागणाऱ्या तापाची) रक्ततपासणी करून घ्यायची का? मी जनावरांचा डॉक्टर आहे, सरकारी दवाखान्यांत ३१ वर्षं काढली. माणसाचं निदान करणं माझं काम नाही, आणि रक्त तपासल्याशिवाय ते कुणीच करू नये. तापाची दुसरी दहा कारणं असू शकतात. पण या तीन गोष्टी एकापाठोपाठ घडलेल्या असताना ती तपासणी न करता टायफॉइडच्या औषधांचा तिसरा फेरा सुरू करू नका, एवढं ठामपणे सांगतो.

हे मी नुसतं पुस्तकातून सांगत नाही. १९९४ च्या पावसाळ्यात मी नगर जिल्ह्यातल्या एका दवाखान्यावर होतो. रात्री अकराला बोलावणं आलं. जर्सी संकरित गाय, आठव्या महिन्यात गाभडलेली, दुसरा दिवस, वार अडकलेली. खांद्यापर्यंत येणारे प्लॅस्टिकचे हातमोजे त्या महिन्यात संपलेले होते. शेतकरी कंदील धरून उभा, गाय कण्हत होती. मी साबणानं हात धुतले, बाही वर गुंडाळली आणि हात आत घातला. वार गर्भाशयाला गाठीगाठींनी चिकटलेली असते. शर्टाची बटणं काढावीत तशी एकेक गाठ बोटांनी सोडवावी लागते. अर्ध्या तासानं वार बाहेर आली, चामड्यासारखी जाड झालेली, पिवळट चिकट थर असलेली. माझा हात खांद्यापर्यंत भरला होता. मनगटावर बाभळीच्या काट्याचा आदल्या दिवशीचा ओरखडा होता. तो चुरचुरला. मी पुन्हा साबण लावला आणि घरी येऊन झोपलो.

अठराव्या दिवशी ताप आला. सकाळी मी दवाखान्यात जात होतो, दुपारी चारनंतर हुडहुडी भरायची. पहाटे बनियन पिळून निघेल इतका घाम. माझ्या पत्नीनं एक गोष्ट हेरली. ती म्हणाली, “तुमच्या घामाला ओल्या कडब्यासारखा वास येतोय.” पुढे कळलं, की माणसांच्या वैद्यकाच्या पुस्तकांत या तापाच्या वर्णनात नेमका हाच वास लिहिलेला आहे. मोटारसायकलवर बसलं की कमरेखाली उजव्या बाजूला सुरी खुपसल्यासारखं व्हायचं. टायफॉइडसाठीची विडाल तपासणी झाली, टायफॉइडचं औषध झालं, पुन्हा झालं. मग क्षयाची शंका आली. वजन नऊ किलोनं उतरलं. त्याहून वाईट म्हणजे मन खचलं. विनाकारण रडू यायचं, आणि तेही याच आजाराचं लक्षण असतं हे मला माहीत नव्हतं.

अडीच महिन्यांनी कॉलेजातले एक सीनियर भेटायला आले. त्यांनी नाडीसुद्धा पाहिली नाही. विचारलं, “गेल्या तीन महिन्यांत किती वारा काढल्यास?” दुसऱ्या दिवशी रक्त पाठवलं. अहवाल आला: ब्रुसेला (या आजाराचा जंतू), प्रतिपिंडांचं प्रमाण १:६४०. आपल्याकडे १:१६० च्या वर आकडा गेला आणि लक्षणं जुळली तर आजार धरतात. मग सहा आठवडे दोन औषधं घेतली आणि मी उठलो.

मला तपासणारे डॉक्टर हुशार होते, मनापासून उपचार करत होते. पण त्यांनी मला कामाबद्दल विचारलं नाही, आणि मी स्वतः जनावरांचा डॉक्टर असूनही त्यांना सांगितलं नाही. माणसांच्या दवाखान्यात जाताना गोठा मी दाराबाहेर ठेवून गेलो होतो. ताई, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला इथंच दिसतं. आजार गोठ्यातून घरात चालत येतो. गोठ्याची माहिती मात्र दवाखान्यात पोचत नाही, कारण ती कुणी सोबत नेत नाही.

आता हा आजार काय आहे ते समजून घ्या, कारण त्यात तुमच्या प्रश्नाचा मोठा भाग येतो. आमच्या भाषेत त्याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. गाई-म्हशींत ब्रुसेला अबॉर्टस नावाचा जंतू असतो, शेळ्या-मेंढ्यांत ब्रुसेला मेलिटेन्सिस. माणसाला दोन्हींपासून आजार होतो, शेळीकडचा जंतू जास्त जोरकस. गाय बहुधा पाचव्या महिन्यानंतर गाभडते. पोटात असं का होतं? गाई-शेळ्यांच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाची एक साखरेसारखी वस्तू असते, आणि ती या जंतूला फार मानवते. गाय गाभण राहीपर्यंत जंतू शरीरात दबून असतो. गर्भ वाढला, वार वाढली, की तो तिकडे धाव घेतो आणि बेसुमार वाढतो. म्हणून गाभडलेलं वासरू, वार आणि त्यानंतर कित्येक दिवस गळणारा स्राव यांत जंतू खच्चून भरलेले असतात. माणसाला आजारी पाडायला मात्र दहा ते शंभर जंतू श्वासावाटे आत गेले तरी पुरतात.

माणसाच्या वारेत ती साखर नसते. त्यामुळे माणसांत हा आजार गर्भपाताच्या रूपात सहसा दिसत नाही, तो तापाच्या रूपात दिसतो. तरी गरोदर बाईला तो झाला तर पोटातल्या बाळाला धोका असतोच, म्हणून तिनं गाभडलेल्या जनावराच्या जवळपासही जाऊ नये. बाकीचं सगळं दोन्हीकडे तेच. आपल्या रक्तातल्या ज्या पेशी जंतूंना गिळून मारतात, त्यांच्याच पोटात हा जंतू जिवंत राहतो. गाईत तो कासेत आणि लसिकाग्रंथींत दडी मारतो, माणसांत यकृत, प्लीहा, मणके आणि कमरेच्या सांध्यात. वळूचे वृषण सुजतात तसे पुरुषाचेही सुजतात. गाईच्या गुडघ्यावर पाणी भरून गाठ येते, माणसाचे सांधे धरतात. लपून बसायची ही खोड असल्यामुळेच आठ-दहा दिवसांचं औषध घेऊन ताप उतरतो आणि परत येतो. डॉक्टर साधारणपणे डॉक्सीसायक्लिन आणि रिफाम्पिसिन सहा आठवडे देतात, किंवा डॉक्सीसायक्लिनसोबत दोन-तीन आठवडे स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं. गरोदर बायका आणि लहान मुलं यांची औषधं वेगळी. रिफाम्पिसिन हे क्षयाचंही औषध आहे. त्यामुळे क्षय नाही ना, हे आधी पाहून घेणं डॉक्टरांच्या हातात राहू द्या. औषध दुकानातून आपल्या मनानं घेऊ नका आणि बरं वाटलं म्हणून चौथ्या आठवड्यात सोडू नका.

या आजाराचा इतिहास मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत असे. भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर इंग्रजांचे शिपाई वर्षानुवर्षं अशाच तापानं पडत. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरनं मेलेल्या शिपायांच्या प्लीहेतून जंतू शोधला. पण तो येतो कुठून, हे कळायला आणखी अठरा वर्षं लागली. १९०५ मध्ये माल्टाच्याच थेमिस्टोक्लीस झामिट या डॉक्टरनं शेळ्यांचं रक्त तपासलं. शेळ्या दिसायला धडधाकट, दूधही भरपूर देणाऱ्या. त्या दारोदार नेऊन तिथल्या तिथे धार काढून देत. पुढच्या वर्षी शिपायांना ते दूध बंद केलं आणि लष्करातला ताप झपाट्यानं उतरला.

इकडे १८९७ मध्ये डेन्मार्कमध्ये बर्नहार्ड बँग या पशुवैद्यानं गाभडणाऱ्या गाईंतून एक जंतू शोधला होता. माणसाचा माल्टा ताप एका पुस्तकात, गाईंचा बँगचा रोग दुसऱ्या पुस्तकात. दोन्ही जंतू सख्खे भाऊ आहेत हे वीस वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. ते दाखवलं अमेरिकेतल्या ॲलिस इव्हान्स यांनी, १९१८ मध्ये. त्या ना माणसांच्या डॉक्टर होत्या ना जनावरांच्या. दुधातल्या जंतूंचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञ होत्या. म्हणूनच त्यांनी दोन्ही नमुने एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवून पाहिले असावेत, असं मला वाटतं. कच्चं दूध धोक्याचं आहे असं त्या सांगत राहिल्या, आणि मोठमोठे लोक ते मानायला तयार नव्हते. १९२२ मध्ये प्रयोगशाळेत काम करताना त्यांना स्वतःलाच या जंतूची लागण झाली आणि पुढे वीसहून अधिक वर्षं तो ताप त्यांच्या मागे लागला होता.

आता सासऱ्यांचं म्हणणं. त्यांच्या अनुभवाला कमी लेखू नका. गोठ्यात आयुष्य काढलेला माणूस जनावर चार पावलं चाललं तरी त्याचं दुखणं ओळखतो. पण त्यांना विचारा, तुमच्या लहानपणी घरात कुणाला महिनोन्‌महिने मुरलेला ताप, हाडीताप होता का? कुणी तरण्याबांड वयात कंबर धरून बसलं होतं का? मी हा प्रश्न शेकडो म्हाताऱ्यांना विचारला आहे, आणि बहुतेकांना कुणी ना कुणी आठवतं. त्या तापाला कुणी गाईचं नाव दिलं नव्हतं, इतकंच.

आणि जनावराचा आजार माणसाकडे येतो, हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक होतं. प्लेगच्या दिवसांत घरात उंदीर पडायला लागले की माणसं गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहत. गावातला पहिला माणूस आजारी पडण्याआधी उंदरांनी वर्दी दिलेली असे, आणि ती वर्दी वाचणारी माणसं वाचत. आमच्या आजीच्या तोंडून ते मी ऐकलं आहे. सासऱ्यांनीही ऐकलं असेल.

त्यांना आणखी एक दाखवा: तुमच्या मुलांच्या डाव्या दंडावरचा बीसीजीचा व्रण. क्षयाची ती लस गाईच्या क्षयाच्या जंतूपासून केलेली आहे. फ्रान्समध्ये काल्मेट आणि गेरँ या दोघांनी १९०८ पासून तेरा वर्षं तो जंतू पुन्हा पुन्हा वाढवत निर्बळ केला, आणि १९२१ मध्ये तो पहिल्यांदा एका बाळाला दिला. त्यातले काल्मेट माणसांचे डॉक्टर, गेरँ जनावरांचे. क्षय तर दोन्ही बाजूंनी ये-जा करतो: गाईकडून कच्च्या दुधातून माणसाला, आणि खोकणाऱ्या माणसाकडून गाईला. मधुमेहाच्या रोग्यांनी तर १९२२ पासून साठ वर्षं डुकराच्या आणि गाईच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्सुलिनवर आयुष्य काढलं. शरीराची घडण इतकी जवळची नसती तर ते चाललंच नसतं.

जनावराचं सगळंच दुखणं माणसाला लागतं असं मात्र नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. २०२२ मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा लोकांनी दूध घेणं बंद केलं होतं. लम्पी माणसाला होत नाही. लाळ्या-खुरकुतानं गाय जेरीस येते, पण आपल्याला त्याची धास्ती बाळगायचं कारण नाही. भीतीनं जनावर सोडून देणारे लोक मी पाहिले आहेत, आणि तो त्या जनावरावर अन्यायच असतो.

ज्याची खरी धास्ती घ्यावी ते म्हणजे रेबीज. कुत्रा चावला की इंजेक्शन घ्यावं, हे आता बहुतेकांना माहीत आहे. जखम साबणाच्या वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची, हे अजून निम्म्यांना माहीत नसतं. पण तुमच्यासारख्या गाई पाळणाऱ्यांना मी वेगळंच सांगेन. पिसाळलेला कुत्रा गाईला चावला, कुणी पाहिलं नाही, आणि महिना-दोन महिन्यांनी गाय लाळ गाळायला लागली, घोगरं हंबरायला लागली, पाणी गिळेना. घरधन्याला वाटतं घशात काहीतरी अडकलं, आणि तो कोपरापर्यंत हात तोंडात घालतो. दर वर्षी एक-दोन जण असे माझ्याकडे यायचे. लाळ गाळणाऱ्या, गिळता न येणाऱ्या जनावराच्या तोंडात कधीही उघडा हात घालू नका. आधी पशुवैद्यकाला बोलवा. हात घातला गेलाच असेल तर हात धुऊन त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जा. हा आजार एकदा दिसायला लागला की त्यावर औषध नाही, पण त्याआधी लस पक्की आहे. माणसांतला रेबीज रोखायचा सगळ्यात चांगला उपाय माणसाला टोचण्यात नाही, कुत्र्याला टोचण्यात आहे. वस्तीतल्या शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली की साखळी तुटते. गोव्यात हे करून दाखवलं. वर्षानुवर्षं जाळी घेऊन गल्लोगल्ली कुत्री पकडून टोचली, शाळांत मुलांना शिकवलं, आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं.

गोव्याचा विषय निघाला म्हणून माकडतापाचंही सांगतो. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं मरायला लागली आणि पाठोपाठ माणसं तापानं पडली. २०१५-१६ पासून तो ताप गोव्याच्या सत्तरीत आणि आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांद्याकडे आला. काजूच्या बागेत पालापाचोळा गोळा करणाऱ्या माणसाला गोचीड चावते आणि ताप येतो. तीच गोचीड जंगलात चरून आलेल्या गाईच्या अंगावरही असते. गाय आजारी पडत नाही, पण गोचिडी पोसते. तिथे मेलेलं माकड दिसलं की त्याला हात न लावता आरोग्य केंद्राला आणि वनखात्याला कळवायचं असतं. उंदीर पडले की गाव सोडायचा, तीच ही वर्दी.

कोकणात भात लावणीच्या दिवसांत लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा ताप, असतो. उंदरांच्या, गाईगुरांच्या, कुत्र्यांच्या लघवीतून जंतू चिखलात येतो आणि पायाच्या भेगांतून आत शिरतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईतही लेप्टोची मोठी साथ आली होती. गाय त्यानंही गाभडते, माणसाची किडनी आणि यकृत त्यानंच जातं. म्हणून गाय गाभडली की आम्ही ब्रुसेलाबरोबर लेप्टोचीही शंका धरतो.

आता एक गोष्ट जी आजाराची नाही, औषधाची आहे. तुमचा काय अनुभव आहे माहीत नाही, पण गावात कधीतरी बायका तक्रार करतात की विरजण घातलं आणि दही लागलंच नाही, दूध तसंच पातळ राहिलं. भांडं वाईट, विरजण वाईट, हवा गार, असं सगळं बोलून होतं. मी विचारायचो, गाईच्या सडात दगडी (कासेची सूज) झाली होती का? होय, चार दिवसांपूर्वी. सडात औषधाच्या नळ्या सोडल्या? होय. मग दही लागणार कसं? दगडीच्या जंतूंना मारायला दिलेलं अँटिबायोटिक दुधात उतरतं आणि दह्याच्या जंतूंनाही मारतं. उकळूनही ते सगळं जात नाही. ते दूध आपल्या पोटातही जातं आणि डेअरीच्या टाकीतही. तिथे ते थोड्या मात्रेत जंतूंना भेटतं, आणि थोड्या मात्रेत भेटलेलं औषध जंतूंना मारत नाही, शिकवतं. दगडीला आम्ही वापरतो ती टेट्रासायक्लिन, स्ट्रेप्टोमायसिन, पेनिसिलिन ही औषधं माणसांच्याच औषधांची भावंडं आहेत. तुमच्या यजमानांना उद्या ब्रुसेलोसिसचं औषध लागलं तर ते याच घरातलं असेल. म्हणून औषधाच्या बाटलीवर किंवा नळीवर दूध किती दिवस वापरायचं नाही ते लिहिलेलं असतं, ते वाचा. नाही वाचता आलं तर डॉक्टरांना विचारा, आणि तितके दिवस त्या गाईचं दूध विकू नका, घरातही वापरू नका. तोटा होतो, हे मला माहीत आहे. बाकी वेळी गावातल्या कुणाकडून तरी इंजेक्शन मारून घेण्याची सवय तर सोडाच.

आता तुमची गाय. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन चारही गाईंचं रक्त तपासायला द्या. नमुने जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत जातात, गरज पडली तर पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे. ती गाय तपासणीत आली, तर एक गोष्ट मी हात जोडून सांगतो: तिला बाजारात विकू नका. ही मागणी अवघड आहे. अशा गाईला बरं करणारा भरवशाचा उपचार आज नाही, भरपाई सहजी मिळत नाही, आणि पुढच्या वेळी ती बहुधा पूर्ण दिवस भरून वेते, त्यामुळे विकताना कुणाला संशयही येत नाही. पण त्या वेतानंतरही वारेतून आणि दुधातून जंतू बाहेर पडत राहतात. तुम्ही विकलेल्या गाईची वार उद्या दुसऱ्या कुणाच्या तरी नवऱ्याच्या हातात असेल. या आजाराचा प्रवास बाजारातूनच होतो, हे मी ३१ वर्षं पाहिलं आहे.

त्यापेक्षा ती वेगळी बांधा, शक्य तर दुसऱ्या गव्हाणीवर. तिची धार सगळ्यात शेवटी काढा. वेण्याच्या वेळी खांद्यापर्यंत हातमोजे, तोंडाला रुमाल, डोळ्यांना चष्मा, आणि वार अडकली तर ओढू नका, डॉक्टरांना बोलवा. पडलेली वार, गाभडलेलं वासरू कुत्र्यांना मिळता कामा नये. कुत्री ती ओढत शेजारच्या गोठ्यापर्यंत नेतात. चार-पाच फूट खोल खड्डा, वर कळीचा चुना, मग माती. जागा फिनेलनं किंवा चुन्यानं धुऊन काढा.

दूध उकळलेलं असेल तर निर्धास्त प्या. जंतू ६३ अंशांवर अर्ध्या तासात मरतो, उकळी फुटल्यावर तर राहतच नाही. डेअरीचं पाश्चराइज्ड दूधही सुरक्षित. खरवस वाफवलेला असतो, त्यालाही हरकत नाही. धारोष्ण दुधाची सवय मात्र बंद करा. तालमीतल्या पोरांना आणि बाळंतिणींना प्रेमानं जे दूध पाजलं जातं, त्यातूनच मी हा आजार आलेला पाहिला आहे. डेंग्यूच्या दिवसांत पेशी वाढाव्यात म्हणून शेळीचं कच्चं दूध पाजण्याची पद्धत पडली आहे, ती तर मला फार भीतीची वाटते. एक ताप जायच्या आत दुसरा घरात घेतल्यासारखं ते होतं.

तुमच्याकडे कालवडी असतील तर चार ते आठ महिन्यांच्या वयात त्यांना ब्रुसेलाची लस एकदाच टोचायची असते. केंद्र सरकारनं सप्टेंबर २०१९ मध्ये लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस या दोन्हींसाठी देशभर मोहीम सुरू केली, त्यात ती फुकट मिळते. लस जिवंत जंतूची असते, म्हणून नर वासरांना आणि गाभण गाईंना देत नाहीत. टोचणाऱ्यानं मोजे आणि चष्मा घालायलाच हवा. सुई आपल्याच बोटात गेली तर आजार होतो, असं झालेले माझे सहकारी आहेत. आठ महिने उलटले तर ती संधी गेली, तेव्हा कालवडीची जन्मतारीख लिहून ठेवा.

घरात आणखी कुणी वार, वासरू, शेण, मूत यांना हात लावला होता का, कुणी कच्चं दूध प्यायलं होतं का, ते आठवा. धार तुम्ही काढत असाल तर डॉक्टरांना तेही सांगा, तुमचंही रक्त एकदा तपासू द्या. माणसाकडून माणसाला हा आजार सहसा जात नाही, तेव्हा यांचं ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही.

गाईच्या कानात पिवळा बिल्ला असेल, त्यावर १२ आकडी नंबर असतो. तो यजमानांच्या दवाखान्याच्या फाइलवर पहिल्या पानावर लिहा, आणि खाली गाभडल्याची तारीख. गाईच्या रक्ताचा अहवाल आला की त्याची प्रत त्याच फाइलमध्ये लावा आणि डॉक्टर बघतील तेव्हा ते पान आधी उघडून त्यांच्यासमोर ठेवा.